चाळीस अंशांची लाज

रंगनाथरावांची आणि माझी पहिली भेट काही गोड नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जालन्याच्या एका बियाणे कंपनीत, उगवण तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले. पहिल्याच दिवशी बदनापूरहून येणारी पॅसेंजर रखडली आणि मी धापा टाकत पोचले. यंत्रविभागाचे प्रमुख रंगनाथराव दारातच उभे. "बाई, बियाणं तुमची वाट बघत न्हाई," एवढंच म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळची बैठक गाडीच्या वेळेनंतर होऊ लागली. कोणी कारण विचारलं तर ते म्हणत, "मलाच लवकर उठवत न्हाई." धादांत खोटं! ते सगळ्यांच्या आधी येत.

आता त्यांच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघतोय, मी लिहू का, असं विचारायला गेले तर त्यांनी अट घातली, "माझी ती मॉड्यूलची चूक लिहिणार असाल तर लिहा. न्हाईतर राहू द्या." आता गौरवाच्या पुस्तकात माणसाची चूक लिहायची म्हणजे काय! लिहिताना माझीच मान खाली जातेय. पण त्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही.

मी रुजू झाले त्याच वर्षी आमच्याकडे बाजरीचं बियाणं गरम हवेनं वाळवायची यंत्रणा बसत होती. हवा चाळीस अंशांच्या आसपासच हवी. जास्त तापली तर दाणा दिसतो छान, पण आतला कोंब मरतो. सेन्सरच्या तारेतून येणारं तापमान यंत्राला कळेल अशा आकड्यात आणतं ते अॅनालॉग इनपुट मॉड्यूल, आणि ते निवडायचं काम रंगनाथरावांचं. त्यांची उमेदीची वर्षं लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये गेलेली. तिथं भट्टी हजार-बाराशे अंशांवर धगधगते. पाच अंश इकडं की तिकडं, कोण विचारतो? त्यांनी भट्टीचंच मॉड्यूल घेतलं. जालन्यात ते सहज मिळे, बिघडलं तर शेजारच्या मिलमधून जल्दी आणता येई. विक्रेत्यानं अंशाचा भागही बराबर दाखवणारं दुसरं सुचवलं होतं, पण ते यायला वेळ होता आणि हंगाम दारात. "अहो, उन्नीस-बीस चालतंय," म्हणून रंगनाथरावांनी विषय मिटवला. आमच्या गावच्या कारखान्यांत हा शब्द पान्यापेक्षा जास्त वापरला जातो.

वाळवणीला पहिलाच माल लागला तो तीर्थपुरीच्या आसाराममामांचा. मामा आमच्यासाठी बियाण्याचा प्लॉट घेत, म्हणजे आपल्या रानात कंपनीचं बियाणं पिकवून देत. वाळवलेलं बियाणं मी तपासायला लावलं, तर निम्मंसुद्धा उगवलं नाही. कार्यालयानं लगेच निकाल दिला: मामांनी हयगय केली, माल भिजवला. प्लॉट नापास, पुढच्या वर्षी मामांना काम नाही. गावात ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो!

वाळवणीआधी काढून ठेवलेला त्याच मालाचा नमुना मी लावून पाहिला, तो मात्र भरभरून उगवला. मी तो रंगनाथरावांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी साधा काचेचा थर्मामीटर घेऊन वाळवणीच्या हवेत धरला. पडद्यावर चाळीस, आणि हवा त्याहून चार-पाच अंश गरम! परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

व्यवस्थापक म्हणाले, "मॉड्यूल बदला आणि विषय संपवा. शेतकऱ्याला कोण सांगायला जातंय?"

"त्या माणसाला गावात तोंड दाखवता येत न्हाई," रंगनाथराव म्हणाले, "आन् मी इथं गप बसू? ते बिलकुल जमायचं न्हाई."

ते मला सोबत घेऊन तीर्थपुरीला गेले. बाजाराचा दिवस होता. मामा चहाच्या टपरीपाशी एका कडेला बसले होते. चार लोक ऐकतील अशा आवाजात रंगनाथराव उभ्यानंच म्हणाले, "मामा, तुमचं बियाणं मी जाळलं. यंत्राचा भाग मी चुकीचा निवडला. तुमची काही चूक न्हाई."

मला वाटलं, आता मामा खवळणार. कसलं काय! मामांचे डोळे भरून आले. "मंग माझं रान चांगलं व्हतं म्हना की!" ते ओरडले. "ऐकलं का रे? रान चांगलं व्हतं! दोन म्हैने झाले, बायको पानोठ्यावर गेली न्हाई लाजेनं." आणि त्यांनी आम्हांलाच चहा सांगितला.

रंगनाथरावांनी कप तसाच भरलेला ठेवला. जीपमध्ये ते एवढंच बोलले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, बाई." मला तर आमच्या अख्ख्या कंपनीचीच लाज वाटत होती.

मॉड्यूल बदललं. भांडून भांडून त्यांनी मामांचा प्लॉटही परत मिळवून दिला. पण मामा आवारात आले की आमचे हे दणकट साहेब आजही नजर खाली घालतात. नव्या मुलांनी कुठलंही उपकरण निवडून आणलं की त्याचा कागद बघण्याआधी विचारतात, "ह्याच्यानं काय मोजणार? आन् चुकलं तर कुणाचं नुकसान?"

साठीच्या सत्काराचं आमंत्रण द्यायला गेल्या आठवड्यात मी तीर्थपुरीला गेले. मामा आता थकलेत. म्हणाले, "येतो की! पर साहेबाला सांगा, ते परत समद्यांसमोर काढू नका म्हनाव. येवढा मोठा मानूस माझ्याम्होरं मान खाली घालतो, मलाच लाज वाटून राह्यली." मी निरोप दिला. रंगनाथरावांनी ऐकून घेतला, पण लिहिण्याची अट काही मागं घेतली नाही.

ईश्वर दोघांनाही धडधाकट ठेवो, पुष्कळ वर्षं देवो. आणि सत्काराच्या दिवशी रंगनाथरावांच्या गळ्यात हार मामांनीच घालावा, अशी माझी समितीला हात जोडून विनंती आहे. त्यासाठी तरी त्यांना मान वर करून मामांकडे बघावं लागेल.