हरणीचा आवाज

आमची हरणी गाय मेल्यावर आठ दिवसांनी विमा कंपनीच्या कागदावर हंबरली. ते हंबरणं माझं होतं.

मी तेव्हा बारावीत होतो (दुसऱ्यांदा). आमच्या शिनोली गावात मला लोक ओळखायचे ते नकलांमुळं. सरपंच, कंडक्टर, हेडमास्तर, सगळे माझ्या घशात राहायला.

हरणीला साप चावला. जनावरांच्या डॉक्टरांनी मेल्याचा दाखला दिला. कंपनीचा नियम असा, की कानातला नंबरचा बिल्ला कान कापून जमा करायचा. आमच्या अण्णांनी तिला हळदकुंकू लावलं, वर आईचं लुगडं पांघरलं आणि बिल्ल्यासकट बांधाला पुरली.

आई म्हणाली, "अवो, बिल्ला ऱ्हायला की."

"सात वर्सं दूध पाजलं तिनं. जाताना तिचा कान कापू व्हय?"

मागं तान्हं वासरू राहिलं. ते बाटलीला तोंडच लावेना. मग आई बाटली धरायची आणि मी गवताच्या गंजीमागं बसून हरणीसारखं हंबरायचो. वासरू गपागपा प्यायचं.

अशाच एका जेवणाच्या वेळी कंपनीचा सर्व्हेअर फटफटीवर आला. आमचं कुत्रं मोकळं, त्यामुळं साहेब काही खाली उतरले नाहीत. बसल्या बसल्या विचारलं, "गाय कुठंय?"

"बांधाला पुरलीय, साहेब," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात गंजीमागून मी असा काही हंबरलो, की शेजारच्या बैलानंसुद्धा उत्तर दिलं.

"हे काय मग?"

"ते माजं पोरगं हाय."

"गाईला पोरगं म्हणता? जीव दिसतोय तुमचा."

झालं. साहेबांनी लिहिलं, 'बिल्ला नाही. मेली ती दुसरीच गाय. विम्याची गाय लपवून ठेवली आहे. आवाज स्वतः ऐकला.' महिन्याभरात क्लेम नामंजूर.

सगळं गाव म्हणालं, उकरून बिल्ला दाखवा, नाहीतर सोडून द्या. अण्णा म्हणाले, "तिला उकरायची न्हाई. पैशाचं मरू द्या. मला लबाड लिवलंय. ते खोडल्याबिगर मी गप बसत न्हाई."

घोडेगावचे वकील म्हणाले, "खटला लावला तर वासराला नातवंडं होतील. लोकअदालतीत ठेवू, एका दिवसात निकाल."

लोकअदालतीच्या दिवशी कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर कंपनीचे मोठे साहेब अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, निम्मं घ्या, इथंच मिटवू."

"साहेब, आमची गाय निम्मी न्हाई मेली."

आत कंपनीचा वकील म्हणाला, आमचे सर्व्हेअर पंधरा वर्षं जनावरं बघतात, त्यांना गाय आणि माणूस कळत नाही का? सर्व्हेअर शेजारीच छाती काढून बसला होता.

जज्जसाहेबांनी मला उभं केलं. "तूच हंबरलास ना? मग हंबर."

समोर तीस-चाळीस माणसं. त्यात आमच्या वर्गातली सुरेखा, वडिलांच्या बांधाच्या भांडणासाठी आलेली. (तिच्यासमोर मी वर्षभर हिरोचे डायलॉग मारत होतो.)

"साहेब, सर्दी झालीय."

"हंबर," अण्णा म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि शेळी निघाली. कंपनीचा वकील हसला. सुरेखापण.

अण्णा हळूच म्हणाले, "माणसांकडं बघू नगं. वासरू उपाशी हाय, असं समज."

मी डोळे मिटले आणि पोटातून हंबरलो. कोर्टाचा शिपाई दाराकडं धावला, "अरे, कुणाचं जनावर आत घुसलं?" आणि सर्व्हेअरसाहेब खुर्चीवरून अर्धे उठून दाराबाहेर गाय शोधायला लागले.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तुमचा माणूस काय बघतोय?"

वकिलानं पेन काढलं. तडजोडीच्या कागदावर पूर्ण क्लेम मंजूर झाला. 'गाय मयत. आवाज अर्जदाराच्या मुलाचा.' अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच सही केली.

त्या पैशात नवी गाय आली. बिल्ला मारायला माणूस आला, हातात पक्कड. "जनावर एकच ना?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "दोन. एक कोर्टात हंबरलं व्हतं. ह्यालाबी एक मारा."

मी कान झाकून गंजीमागं पळालो. दूध मिळेल म्हणून वासरूही माझ्यामागं.