राजमातेचा पंखेवाला

माझी बायको राजमाता झाली, तेव्हा मी तिच्या मागे पंखा घेऊन उभा होतो. हे मी अलंकारिक बोलत नाही. पंखा मोरपिसांचा होता आणि चांगलाच जड होता.

झालं असं. आमची प्रज्ञा सिनेमांचा कपडेपट सांभाळते. त्या वेळी तिला पहिलंच मोठं काम मिळालं होतं. सिनेमा जुन्या काळातला, पण हलकाफुलका. कुठल्याशा (काल्पनिक) संस्थानाचे कोवळे युवराज होणारी बायको आधी बघून घ्यावी म्हणून आचाऱ्याच्या वेशात तिच्या राजवाड्यात शिरतात!

"असं इतिहासात कुठंही नाही," मी म्हणालो. (मी सरकारी खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. हरकत घेतल्याशिवाय मला अन्न पचत नाही.)

"पप्पा, इतिहासात लढाया आहेत. ही पोरं राजवाड्यात दिवसभर काय करायची, ते कुणी लिहून ठेवलंय? तिथंच तर मजा आहे!"

एका सकाळी तिचा रडवेला फोन आला. राजमातेचं काम करणाऱ्या बाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये! "आई, प्लीज तू ये ना. नऊवारी नेसून फक्त बसायचंय. एकच डायलॉग आहे."

मला हसूच आलं. "अगं सुनंदा, माझ्या आजोबांना राजवाड्याच्या ओसरीवर पाय ठेवू देत नव्हते. आणि तू निघालीस राजमाता व्हायला!"

"म्हणूनच निघालेय," केसांना चाप लावत ती म्हणाली. "रिक्षा बोलवा."

विश्रांतवाडीहून पार कोथरूडच्या पलीकडे, एका जुन्या बंगल्यात शूटिंग होतं. मी गेलो ते केवळ देखरेखीला. पोचल्यावर पाचच मिनिटांत मला शाही मुदपाकखान्यात ढोबळी मिरची दिसली.

"अहो, त्या काळी राजवाड्यात ढोबळी मिरची?"

दिग्दर्शक म्हणजे हाफ पँटमधला तिशीचा मुलगा. त्यानं मिरची उचलायला लावली. मग मी समयांबद्दल बोललो. मग जाजमाबद्दल. मग युवराजांच्या दंडावरच्या लसीच्या व्रणाबद्दल बोललो, तेव्हा त्यानं हात जोडले. "काका, तुम्हाला जवळून लक्ष ठेवायचंय ना? मग अगदी जवळच उभे राहा." आणि दहा मिनिटांत मी मुंडासं, बाराबंदी आणि हातात पंखा अशा अवतारात बायकोच्या मागे उभा!

चष्मा काढून घेतला होता. (त्या काळी पंखेवाल्यांची नजर उत्तम असावी.) समोर सगळं धुकं. एवढंच कळत होतं की सुनंदाच्या मेंदीनं रंगवलेल्या केसांवर पांढऱ्याशुभ्र केसांचा टोप चढवलाय.

"पप्पा, टोप एकच आहे," प्रज्ञा कानाशी कुजबुजली. "युवराजांना आज दुपारीच मुंबईला जायचंय. काही झालं तर माझं काम जाईल. तुम्ही फक्त वारा घाला. हळू!"

प्रसंग सोपा होता. आचारी झालेले युवराज पिठलं घेऊन येणार, राजमाता घास घेणार आणि म्हणणार, "फार छान झालंय हो!"

कॅमेरा सुरू झाला. युवराज आले. सुनंदानं घास घेतला. सेटवरचं पिठलं आदल्या दिवशीचं होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! तीस वर्षं चौथीचे वर्ग सांभाळलेली बाई ती. डायलॉग विसरली आणि कडाडली, "हे पिठलं आहे की पोस्टर चिकटवायची खळ? आईनं काय शिकवलं तुला?"

युवराज खरोखरच घाबरले. त्या आवाजानं मीही दचकलो (छत्तीस वर्षांची सवय!) आणि पंखा जरा जोरात फिरला. मोरपिसं टोपात अडकली. मी हलकेच ओढली. येईनात. मग ऑफिसात अडकलेला ड्रॉवर ओढायचो, तसा हिसका मारला.

राजमातेचा टोप पंख्याबरोबर वर गेला, पिसांतून सुटून त्यानं हवेत एक गिरकी घेतली आणि थेट पिठल्यात पडला!

प्रज्ञाचा चेहरा मला दिसत नव्हता, पण तिनं टाकलेला सुस्कारा स्पष्ट ऐकू आला. पोरीचं पहिलं काम! आणि ते मी पिठल्यात बुडवलं होतं.

सुनंदा मात्र हलली नाही. शांतपणे तिनं पदर डोक्यावरून घेतला, रंगवलेले केस झाकले, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वारा घालायला ठेवलंय तुला. डोकं कशाला खातोस?" मग युवराजांकडे वळून, "आणि तू रे! पिठल्यात केस निघाले तुझ्या. जा, दुसरं कर!"

युवराज "जी" म्हणून पळाले. ते अभिनय म्हणून पळाले की खरंच, ते मला अजून ठाऊक नाही.

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि खाली बसून पोट धरून हसत सुटला. "काकू, हेच ठेवायचं! यातला एक शब्दही बदलायचा नाही!" प्रज्ञा येऊन आईच्या गळ्यात पडली. माझ्या हातातून तिनं फक्त पंखा काढून घेतला.

सिनेमा लागला तेव्हा मी सगळे पाहुणे आणि जुन्या ऑफिसातले चौघे जण घेऊन गेलो. त्या प्रसंगाला थिएटर अक्षरशः गडगडलं. माझी कॉलर ताठ! बाहेर पडताच एक बाई धावत सुनंदाकडे आल्या. "अय्या, तुम्हीच ना राजमाता? एक फोटो!" आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "काका, जरा काढता?"

माझ्यानं राहवेना. "अहो बाई, तो पंखेवाला मीच!"

बाईंनी मला मुंडासं नसलेल्या टकलापासून चपलेपर्यंत नीट न्याहाळलं.

"हो का?" त्या म्हणाल्या. "पडद्यावर जरा हुशार वाटला होतात."

मी निमूटपणे फोटो काढला.