माझ्या नावाचं सिम

"आधार कार्ड? अगं, ही दुबई आहे. इथं तुझं आधार कार्ड कोण बघणार?"

काकू हसल्या. काउंटरपुढे रांगेत उभी असलेली माणसंही हसली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण माझ्या हातातलं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड त्यांना दिसत होतं.

मॉलमधलं सिमचं दुकान. काकूंनी नुकतंच स्वतःसाठी सिम घेतलं होतं. पासपोर्ट दिला, कॅमेऱ्याकडे बघितलं, पैसे दिले, झालं. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला वाटलं, आपलंही होईल. सोलापुरात सिम घ्यायला आधार कार्ड लागतं आणि अंगठा लागतो. म्हणून मी घरून निघताना कार्ड जपून आणलं होतं. ते काढून काचेवर ठेवलं.

काउंटरवरचा माणूस हैदराबादचा होता. आमच्या गल्लीतल्या मुसलमान बायका बोलतात तसंच बोलत होता. तो हसला नाही. म्हणाला, "ये नै चलता अम्मा. पासपोर्ट होना."

माझा पासपोर्ट काकूंच्या पर्समध्ये होता. विमानतळावर शिक्का बसल्याबरोबर त्यांनी तो माझ्या हातातून घेतला होता. हरवशील म्हणाल्या.

मी म्हणाले, "काकू, माजं बी करा की. पैसे माज्या पगारातनं कापा."

काकूंनी पर्सची चेन ओढली. "तुला कुणाला फोन करायचाय? माझा आहे की." मग त्या माणसाला हिंदीत म्हणाल्या, "कामवाली है. इसको फोन का क्या करना है."

मी कार्ड उचललं आणि त्यांच्या पिशव्या हातात घेऊन मागून चालायला लागले. राग आला नाही. लाज वाटली. राग यायला अजून वेळ होता.

मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. सोलापुरात आमच्या वस्तीतल्या बऱ्याच बायका विड्या वळतात. माझ्याकडे मात्र सासूकडून हे न्हाऊ घालायचं काम आलं. नवरा चादरीच्या कारखान्यात होता, तो गेल्यावर यावरच लेक वाढवली. तेल चोळायचं, कढत पाण्यानं आंघोळ घालायची, शेक द्यायचा, बाळाला धुरी द्यायची, बाळंतिणीचं पोट बांधायचं. काकूंच्या घरातली दोन पोरं माझ्याच पायांवर न्हाली. म्हणून काकूंची लेक श्रुतीताई दुबईत बाळंत होणार म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "परकी बाई नको. तू घरातलीच आहेस."

घरातलीच. दुबईला गेल्यावर काकूंनी बॅग उघडली आणि त्यातून लोणची, पापड, शेंगाचटणी निघाली. तळाशी माझं ताट आणि पेला निघाला. काकूंच्या घरी मोरीजवळच्या फळीवर वेगळा असतो तोच. समुद्रापलीकडे जाताना त्यांनी तो आठवणीनं बरोबर घेतला होता. माझ्या तेलाच्या हातांनी त्यांचा नातू न्हायचा, पण माझं ताट त्यांच्या ताटांत मिसळायचं नव्हतं. हे मी गिळलं. अशा गोष्टी गिळायची सवय होती.

लेक गिळता येत नव्हती. माझी कोमल. मोहोळला दिलेली, जावई टेम्पो चालवतात. कोमलही गरोदर होती. पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ते मी करणार होते. लोकांच्या लेकींचं एवढं केलं, स्वतःच्या लेकीचं तर थाटात करायचं ठरवलं होतं. काकूंनी शब्द दिला होता, "कोमलला आठवा लागायच्या आत तुला परत पाठवते." पुढे त्यांनी माझा व्हिसा वाढवून घेतला. मला विचारलं नाही. माझ्या घराला कुलूप, त्यामुळे कोमल सासरीच राहिली.

माझ्याकडे बटणांचा साधा फोन होता. निघण्याआधी नवी पेठेत जाऊन मोठं रिचार्ज मारलं होतं. दुकानदार म्हणाला, आता खूप दिवस चिंता नाही. मी कुठं चालले ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. फोन भरला की तो कुठूनही लागतो असंच मला वाटायचं. दुबईत फोन चालू केला तर नेटवर्कच नाही. मी गॅलरीत गेले. फोन वर धरला. खिडकीत ठेवला. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले की तिथं धरायची. काही उपयोग नव्हता. तरी मी तो चार्ज करत राहिले.

मग कोमलशी बोलणं काकूंच्या फोनवरून. तेही काकूंना सवड असेल तेव्हा, स्पीकर लावून, काकू समोर बसलेल्या. लेकीला कसं विचारू, अंगावरून जातं का, पाय सुजतात का, सासू जेवायला नीट देते का? कोमल म्हणायची, "बरी हाय." मी म्हणायची, "मी पन बरी हाय." काकू म्हणायच्या, "बघ, दोघी मजेत आहेत." की फोन बंद.

मधे तर तेही थांबलं. मी रोज विचारायची, "काकू, कोमलचा फोन आलता का?"

"नाही गं. बरी असेल."

"एकडाव लावा की."

"लावते. आधी बाळाचं आटप."

मला झोप लागेना. काहीतरी झालंय हे आईला कळतं असं म्हणतात. मला काही कळत नव्हतं. नुसती भीती होती. घास खाली उतरत नव्हता. भांडी घासताना काकूंचा फोन वाजला की मी ओले हात घेऊन दारात जाऊन उभी राहायची. काकू माझ्याकडे पाठ फिरवून बोलायच्या. एकदा वाटलं, त्यांच्या फोनमधून माझ्या लेकीचा आवाज आला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "तुला भास होतायत. नीट जेवत जा."

बारसं उशिरा ठेवलं होतं, कारण काकांना सोलापूरहून यायचं होतं. हॉल भाड्यानं घेतला, फुलांनी पाळणा सजवला. मला नवी साडी दिली. बाळाला मीच न्हाऊ घातलं, मीच तीट लावली, मीच पाळण्याखालून घेतलं. काकू पाहुण्यांना सांगत होत्या, "आमच्या बाईचा आवाज ऐका." मी पाळणा म्हटला. सगळी कडवी म्हटली. पाहुण्यांनी माझ्या हातावर नोटा ठेवल्या.

पाहुणे गेले. मी पाळण्याची फुलं काढत होते. काकू सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "ये, बस. आता सांगते. मन घट्ट कर. कोमलचं बाळ गेलं. पोटातच गेलं. मुलगा होता."

मी विचारलं, "कवा?"

"झाले आठ दिवस."

हातातली फुलं तशीच हातात राहिली. काकू बोलत होत्या. समजावून सांगितल्यासारखं, शांतपणे. "बारसं व्हायचं होतं ना. कळलं असतं तर तुला सुतक लागलं असतं. मग बाळाला हात कसा लावला असतास? कळलं नाही तोवर लागत नाही. तू घरातलीच आहेस, तुला समजेल."

लेकीच्या बाळाचं सुतक आईला लागतं का, लागलं तर किती, मला माहीत नाही. काकूंनाही नक्की माहीत नसावं. पण मी रडले असते, तेल चोळताना हात थांबले असते, पाळणा म्हणायला तोंड उघडलं नसतं. त्यांना तेवढं नको होतं. माझा नातू मातीत गेला होता आणि मी त्यांच्या नातवाला जोजवत होते. मला काही माहीत नव्हतं, कारण माझ्यापर्यंत येणारी एकच वाट त्यांच्या हातात होती आणि त्यांनी ती बंद ठेवली होती.

मी म्हणाले, "फोन लावून द्या."

त्यांनी लावून दिला. या वेळी उपकार केल्यासारखा माझ्या हातात दिला. पलीकडे कोमलची सासू होती. म्हणाली, "ती बोलत न्हाय म्हनती, ईनबाई. त्या नंबरवर तर न्हायच म्हनती. लई डाव लावला तिनं. आता नगं म्हनती."

मी फोन परत दिला. त्या संध्याकाळी मला मरावंसं वाटलं. हे मी उगीच वाढवून सांगत नाही. बाळाचे कपडे आणायला गच्चीवर गेले आणि कठड्याला धरून उभी राहिले. खाली गाड्या जात होत्या. मनात एकच होतं, पोरीला वाटत असेल, आईनं लोकांचं पोर सोडलं नाही आणि माझा फोन घेतला नाही. तिला तसं वाटत असताना मी मेले असते तर ते तसंच राहिलं असतं. म्हणून खाली आले. दुसरं काही कारण नव्हतं.

सकाळी तेल गरम केलं. पाणी काढलं. पाट मांडला. काकूंनी बाळ आणलं. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"घे ना."

"माजा पासपोर्ट द्या."

"आत्ता? आधी आंघोळ होऊ दे."

"आधी पासपोर्ट."

काकूंचा आवाज चढला. एवढं दुबईला आणलं, विमानात बसवलं, पिढ्यानपिढ्यांचं नातं, सगळं काढलं. मग म्हणाल्या, "बाळानं काय केलंय तुझं?"

"काय न्हाय केलं," मी म्हणाले. "माज्या नातवानं बी काय न्हाय केलं."

बाळ रडायला लागलं. मला पान्हा फुटावा तसं झालं. खोटं कशाला बोलू, हात आपोआप पुढे जात होते. मी ते गुडघ्याखाली दाबून धरले. काका पेपर खाली ठेवून बघत होते. बाळ रडून रडून लाल झालं तेव्हा आतून श्रुतीताई ओरडली, "आई, देऊन टाक ना तिला. पाणी गार होतंय."

माझी दया आली म्हणून पासपोर्ट मिळाला नाही. पाणी गार होत होतं म्हणून मिळाला.

काकूंनी तो माझ्या पुढ्यात टाकला. मी उचलला, पोलक्यात ठेवला आणि उठले. चपला घातल्या.

"आंघोळ?"

"आल्यावर बघू."

मी एकटीनं रस्ता ओलांडला. दुबईत पहिल्यांदा एकटी. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तोच मॉल, तोच काउंटर, तोच हैदराबादचा माणूस. त्यानं मला ओळखलं. मी पासपोर्ट काचेवर ठेवला. बारशाच्या नोटा ठेवल्या. माझ्याकडे दुसरे पैसे नव्हते. तो म्हणाला, "उप्पर देखो अम्मा." मी कॅमेऱ्याकडे बघितलं. त्यानं माझ्या फोनमधलं सोलापूरचं सिम काढून एका कागदात गुंडाळून दिलं आणि नवं बसवलं. पडद्यावर नेटवर्कच्या काड्या उभ्या राहिल्या.

कोमलचा नंबर मला तोंडपाठ आहे. दुकानाच्या बाहेर भिंतीला टेकून मी लावला. तिनं कापला. परत लावला. परत कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"कोन?"

"आई."

या वेळी तिनं कापला नाही. मग म्हणाली, "कुनाच्या फोनवरनं?"

"माज्याच. आत्ता घेतला. माज्या नावावर."

मग ती रडली. मी तिचं असं रडणं तिच्या लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांत मी खाली फरशीवर बसले. ती म्हणाली, "तू कुटं हुतीस गं? त्या म्हनायच्या, आई कामात हाय, रडून तिला तरास देऊ नगंस. मी दवाखान्यातनं लावलता. पोटात हालंना झालं तवा लावलता. तुला इचारायचं हुतं काय करू."

मी शंभर बाळंतिणींना सांगितलंय, हालेना झालं की एक घटकाही थांबू नका, उठा आणि दवाखाना गाठा. माझी लेक मला तेच विचारायला फोन लावत होती. तो फोन काकूंच्या हातात वाजत होता आणि मी पलीकडच्या खोलीत त्यांच्या लेकीचं पोट बांधत होते.

वेळेवर कळलं असतं तर बाळ जगलं असतं का? मला माहीत नाही. हा प्रश्न मी कुणावर टाकत नाही आणि कुणी माझं समाधानही करू नये. कोमल अजून कधी कधी मधेच बोलायचं थांबते. मी थांबते. फोन चालू ठेवते.

पगारातून तिकीट काढायला लावून त्याच आठवड्यात मी परत आले. राहिलेले पैसे बुडाले, बुडू दिले. ताट-पेला तिथंच ठेवला.

आता काम चालूच आहे. पोट आहे. आमच्या वस्तीतल्या बायकांनाही शारजा, मस्कत कुठून कुठून बोलावणी येतात. जी जाणार असेल तिला मी घरी बसवते आणि सांगते, शिक्का बसला की पासपोर्ट पोलक्यात. मालकिणीच्या पर्समध्ये नाही. विमानतळावरून आधी सिमच्या काउंटरवर जायचं, आपल्या नावाचं सिम घ्यायचं, लेकराबाळांना नंबर द्यायचा. मग तेलाला हात लावायचा. त्याआधी नाही. कुणी नको म्हणालं तर तिथूनच परत फिरायचं.

काकूंच्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत. परवा त्यांचा ड्रायव्हर बोलवायला आला होता. झालं गेलं विसर, म्हणाल्या म्हणे. मी गेले नाही आणि जाणारही नाही.

दुसऱ्या घरांतही दारातच सांगतात, "फोन बाहेर ठेव, बाळाजवळ नको." मी ठेवत नाही. फोन माझ्या पाटाशेजारी असतो, आवाज मोठा केलेला. मी दारातच बोलून टाकते, बाळ पायांवर असताना मोहोळचा फोन आला तर बाळाला टॉवेलात गुंडाळून त्याच्या आईच्या हातात देईन आणि फोन घेईन. चालत असेल तर तेल तापवा. नसेल तर दुसरी बघा. माझ्या लेकीचा फोन मी यापुढे एकदाही वाजत ठेवणार नाही.