सीटवरची धाबळी
ट्रंक आवरताना धाबळीचा तो तुकडा हाती लागला, डाव्या बाजूला विरून जाळी झालेला, आणि माझी मलाच लाज वाटली. बाबा पूजा सांगायला सायकलवरून काशीभर हिंडायचे. सायकलची सीट चामड्याची, डावीकडे खोल बसलेली. सोवळ्यात चामडं नको म्हणून तिच्यावर ते ही लोकरी धाबळी घालायचे. ही रोजची कटकट मिटावी म्हणून मी त्यांना न विचारताच रेक्झिनची नवी सीट बसवून घेतली आणि जुनी कबाड्याला देऊन टाकली. "बरं केलंस हो पोरी, आता धाबळीची झंझट नाही," म्हणत बाबा टांग मारून निघाले. आठवड्याभराने गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पाहिलं, बालाजी घाटाच्या वळणावर त्यांनी मागे बघितलं, दारात मी नाही अशी खात्री करून घेतली आणि कंबर धरून खाली उतरले. पुढे सायकल हाताने ढकलत गेले. लहानपणी दुखावलेल्या त्यांच्या कमरेला त्या जुन्या खळग्यातच आराम होता, हे मला तेव्हा समजलं. कबाड्याकडची सीट केव्हाच गेली होती. बाबा शेवटपर्यंत त्या वळणापर्यंतच सायकलवर बसून जायचे आणि पुढे ती ढकलत न्यायचे. सायकल अजून जिन्याखाली आहे, आणि तिची सीट नवीकोरी.