गुलाबी टाइल्सचे तीर्थ

भिंतीवर गणपती उमटला, तर आधी आरती करावी की आधी वरच्या मजल्याचा नळ पाहावा? उत्तराची घाई करू नका. दिल्लीच्या सरकारी वसाहतीत आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबे राहत होतो. तिथे ओल आणि किस्से सारख्याच वेगाने साचत.

*

आमच्या शेजारी, तळमजल्यावर सबनीस, सुधाताई आणि त्यांची लहानगी मुक्ता. मुक्ताच्या पलंगामागे भिंतीवर काळी बुरशी आली. सबनिसांनी त्यावर कॅलेंडर टांगले. बुरशी कडेने बाहेर आली. त्यांनी मोठे कॅलेंडर आणले!

"आता काय, भारताचा नकाशा टांगणार?" सुधाताईंनी विचारले.

त्यांनी तोही टांगला. दिवाळीपर्यंत बुरशी श्रीलंकेच्या खाली पोहोचली.

*

मुक्ताला धाप लागू लागली. छातीत शिट्टी वाजे. सरदारजी डॉक्टर घरी आले. त्यांनी मुलीला तपासले, मग नकाशा उचलून पाहिला.

"दवा तो दे दूँगा जी, पर पहले इस दीवार का इलाज कराओ!"

*

पाणी वरच्या रेगेसाहेबांच्या न्हाणीघरातून झिरपत होते. पण तिथे त्यांनी परवानगीवाचून गुलाबी टाइल्स बसवल्या होत्या. सरकारी मिस्त्री आला असता, तर आधी त्याच दिसल्या असत्या.

"अहो, दिल्लीची हवाच दमट!" ते म्हणत. हे त्यांनी भर मे महिन्यात, लू वाहत असतानाही सांगितले होते.

*

अखेर सबनीस तक्रार करायला निघाले. रेगे धावत खाली आले, नकाशा बाजूला सारला आणि भिंतीवरच्या बुरशीपुढे हात जोडून उभे राहिले.

"सबनीस, ही सोंड, हे कान! साक्षात गजानन! यांना खरवडणार?"

वसाहतीतल्या बायका हळदकुंकू घेऊन आल्या. उदबत्तीच्या धुराने मुक्ता अधिकच खोकू लागली. मी तिला उचलून आमच्या घरी नेले. देव चराचरात आहे, हे मी मानतो. म्हणूनच तो त्या लेकराच्या छातीतही आहे, हे विसरता येत नाही.

*

सुधाताई रागावल्या नाहीत. बायकांना इतकेच म्हणाल्या, "बाप्पा उमटले ते वरून झिरपलेल्या पाण्याने. म्हणजे तीर्थाचे मूळ रेगेभावजींच्या न्हाणीघरात!"

दुसऱ्या सकाळी गुलाबी टाइल्सवर फुले वाहिलेली होती आणि उंबऱ्यावर रांगोळी.

रेगे अंघोळीला निघाले, तर बायकांनी अडवले, "भावजी, चपला बाहेर! आणि हे काय, तीर्थात साबण?"

हे सांडपाणी आहे, असे रेगे कोणत्या तोंडाने सांगणार? जानेवारीच्या धुक्यात पंचा गुंडाळून ते मैदानातल्या नळावर अंघोळ करू लागले.

खिडकीतून मुक्ता ओरडली, "काका, तुम्हाला ठंड नाही लागत?"

आठवडाभरात रेग्यांनी स्वतःच मिस्त्री बोलावला. टाइल्स फुटल्या, नळ दुरुस्त झाला. भिंत खरवडायचे काम सुधाताईंनी त्यांच्याच हाती दिले.

मुक्ता दारातून पाहत होती. "काका, बाप्पा कुठे गेला?"

"विसर्जन झालं, बाळ," रेगे म्हणाले, आणि जे खोकू लागले ते थेट होळीपर्यंत.