त्याने ठेवलेलं खातं

ती मेल आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडून बसले होते. परदेशातल्या कुणा अनोळखी तरुणाने अगदी अदबीने लिहिलं होतं, की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मला एक छुपं खातं सापडलंय. ते वापरणाऱ्यांच्या यादीत दिसत नाही, त्याचा पासवर्ड प्रोग्रामच्या आतच लिहिलेला आहे आणि तुमच्या प्रत्येक ग्राहकाकडे तो एकच आहे. ज्याला तो कळेल त्याला कुठेही शिरता येईल. तुम्ही दुरुस्ती करेपर्यंत मी हे कुठे बोलणार नाही, पण फार उशीर लावू नका. मी मेल शेवटपर्यंत वाचली आणि डब्याला झाकण लावलं. कोड उघडून बघायची मला गरज नव्हती. ते खातं माझ्या नवऱ्याने ठेवलं होतं, आणि नवऱ्याला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

आमचं सॉफ्टवेअर राखणदाराचं काम करतं. कारखान्यात, इस्पितळात, कॉलेजात जिथे खूप कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतात, तिथे कुठलं यंत्र चालू आहे आणि कुठलं पडलंय हे ते पाहत बसतं. चालू असलं तर पडद्यावर हिरवा ठिपका, बंद पडलं तर लाल. काम कंटाळवाणं आहे, पण राखणदाराला घरातल्या सगळ्या खोल्या ठाऊक असतात. तोच फितूर झाला तर चोराला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

आम्ही दोघं याच कंपनीत भेटलो. तेव्हा ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे दोन खोल्यांचं ऑफिस होतं, मालकांसकट मोजकी माणसं होती आणि ग्राहक ठाण्यापासून शहाडपर्यंत पसरलेले. शहाडजवळ मोहने गावाच्या बाजूला कुणी पासवर्ड विसरला की आमच्यापैकी कुणीतरी तिथवर जायचं, चहा घ्यायचा, नवा पासवर्ड घालून द्यायचा आणि परत यायचं. एकदा मालक वैतागून नवऱ्याला म्हणाले, दरवेळी इथून माणूस कुठे पाठवत बसायचा, तू यावर कायमचं काहीतरी कर. मी तिथेच होते. त्यांच्या हातात वडापाव होता हेसुद्धा मला आठवतं.

नवरा डोंबिवलीतला. त्याच्या लहानपणीच्या इमारतीत बाहेर पडताना चावी शेजारी द्यायची पद्धत होती. शाळेतून येणारी पोरं, गावाहून न कळवता आलेले पाहुणे, गॅसवाला, सगळ्यांनी शेजारच्या काकूंची बेल वाजवायची. त्याने सॉफ्टवेअरमध्ये नेमकं तेच केलं. एक जादा खातं ठेवलं, त्याचा पासवर्ड आम्हाला ठाऊक, म्हणजे ग्राहक अडकला की फोनवरच त्याला आत घेता येईल. मला म्हणाला, "अगं, शेजारी चावी ठेवलीय, बस." अगदी जुन्या ओळखीच्या दोनतीन ग्राहकांना तर त्याने तो पासवर्ड सांगूनच ठेवला होता. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. मग कंपनी वाढली, मोठ्या इमारतीत गेली, जुनी माणसं एकेक करून निघून गेली आणि माहीत असणारं कुणी उरलंच नाही.

ती चूक होती, हे मी आधीच सांगते. बायको म्हणून पांघरूण घालायची नाही मला. शेजारच्या काकू एकच असतात आणि त्या आपल्याला लहानपणापासून ओळखतात. इंटरनेटवर सगळं जग जिन्यात उभं असतं. नवरा भोळा सांब होता. दाराशी येतात ती माणसं आपलीच असणार, असं त्याला शेवटपर्यंत वाटायचं. भाजीवाल्याशीही तो घासाघीस करायचा नाही आणि मी केली की लांब जाऊन उभा राहायचा.

दुरुस्ती मीच करणार, असं मी सांगितलं. आमचा टीमचा प्रमुख माझ्याहून लहान, दुसऱ्या कंपनीतून आलेला, कामाला चोख. तो जरा घुटमळला. तो कोड ज्याने लिहिला त्याचं आणि माझं नातं त्याला ठाऊक होतं. पण त्या जुन्या कोडमध्ये शिरायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून हो म्हणाला.

नुसतं खातं पुसून भागणार नव्हतं. इतक्या वर्षांत त्या खात्याच्या आधारावर बाकीचं बरंच काही उभं राहिलं होतं. पहिल्यांदा ते काढून पाहिलं तर चाचणीच्या पडद्यावर एकजात सगळे ठिपके लाल झाले. मग एकेक धागा सोडवत बसले. प्रत्येक ग्राहकाची वेगळी चावी त्याच्याच यंत्रावर तयार होईल आणि ती आमच्याकडेसुद्धा नसेल, अशी सोय केली. हे करताना नवऱ्याचं लिखाण ओळ न् ओळ वाचावं लागलं. मध्येमध्ये त्याने मराठीत शेरे मारून ठेवले होते. एका ठिकाणी लिहिलं होतं, इथे कुणी शहाणपणा करू नये, महत्प्रयासाने चालू झालंय. मला हसू आलं आणि मग बराच वेळ पुढची ओळ दिसेना. आम्हाला मूल झालं नाही. त्याच्या हातचं म्हणावं असं जगात जे काही चालू होतं ते हेच, आणि ते मी माझ्या हाताने काढत होते.

पण खरा घाव पुढेच होता. दुरुस्ती पाठवताना ग्राहकांना सूचना द्यावी लागते, काय सापडलं, का झालं, आता काय करा. प्रमुखाने मसुदा दाखवला. त्यात लिहिलं होतं, की हे खातं एका माजी कर्मचाऱ्याने कंपनीच्या नकळत ठेवलेलं होतं.

माझा राग नाकावरच असतो, तरी त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. नकळत हा शब्द खोटा आहे, एवढंच म्हटलं. त्याने ते लपवून ठेवलं नव्हतं, मालकांनी सांगितलं म्हणून केलं होतं. हे वाक्य असंच गेलं तर आमच्या धंद्यातला जो कुणी ते वाचेल त्याला नवरा चोर वाटेल, आणि धंदा छोटा आहे, माजी कर्मचारी कोण हे कळायला वेळ लागत नाही. प्रमुख खाली बघत म्हणाला, "मॅडम, त्यांना आता काय फरक पडणारे?"

"त्याला नाही. मला पडतो."

तो म्हणाला, मालकांनी सांगितलं होतं असं तुमच्याशिवाय कुणी म्हणत असेल तर मी वाक्य बदलतो. म्हणून मी मालकांना फोन लावला. ते आता कंपनी विकून ठाण्यातच घरी असतात. नवरा गेला तेव्हा आले होते, माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मी सगळं सांगितलं, खोपटचं ऑफिस, मोहन्याच्या फेऱ्या, ते बोलले होते ते शब्द. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "गुणी मुलगा होता गं तो. पण मी असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही."

खरंच विसरले होते की वय झाल्यावर माणूस सावध होतो तसे सावध झाले होते, मला आजही माहीत नाही. मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोपं असतं हे ऐकून होते, पण त्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही हे तेव्हा कळलं. सगळ्यांनी आपापले हात थोडेथोडे झटकले तरी पुरतं.

मी प्रमुखाशी पुन्हा भांडले. या वेळी आवाजही चढवला आणि राजीनाम्याचं बोललेही. शेवटी तोडगा निघाला. मसुद्यातून माजी कर्मचारी गेला, नकळत गेलं. सूचनेत एवढंच उरलं, की जुन्या आवृत्तीत एक खातं आढळून आलं असून ते काढून टाकण्यात आलं आहे. प्रमुखाने मसुदा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, आता ठीक? मी हो म्हटलं. घरी येऊन मी ते पुन्हा वाचलं. त्या वाक्याप्रमाणे ते खातं कुणी ठेवलं नव्हतं, कुणाला सोय व्हावी म्हणून ठेवलं नव्हतं, ते आपलं असंच उगवलं होतं. नवऱ्याला चोर म्हणू नका म्हणून मी भांडले, आणि भांडून त्याला पुसून आले.

नवी आवृत्ती ग्राहकांकडे गेली. दोनचार आठवड्यांनी मला शहाडच्या एका इस्पितळातून फोन आला. तिथली यंत्रं सांभाळणारे गृहस्थ आमच्या खोपटच्या दिवसांपासूनचे, आता निवृत्तीला आलेले. नवी आवृत्ती घातल्यापासून आत जाता येत नाही, नेहमीचा पासवर्ड चालत नाही, असं म्हणत होते. नेहमीचा म्हणजे कुठला, मी विचारलं.

"साहेबांनी मला दिलेला ना, तो. कधी अडलं तर हा घाला, सांगितलेलं."

साहेब म्हणजे माझा नवरा. इतक्या दिवसांत त्या खात्याचा धनी कोण हे बोलून दाखवणारा हा पहिला माणूस. मी त्यांना सांगितलं, की ते खातं आता बंद केलंय, ते सुरक्षित नव्हतं. मग फोनवरच त्यांना मुख्य यंत्रापाशी नेलं, त्यांच्याकडची नवी चावी कशी तयार करायची ते एकेक पायरी सांगितलं. त्यांना वेळ लागला, पण जमलं. हिरवे ठिपके दिसायला लागले म्हणाले.

मग अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण मॅडम, ते काढायच्या आधी साहेबांना विचारलंत ना?"

नवरा गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं ते मीच, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"विचारायचं राहून गेलं," मी म्हटलं.

"असू दे. रागावणारे नाहीत ते. माझा नमस्कार सांगा त्यांना."

मी म्हटलं, सांगते.