आगाऊ बाईचं वाक्य

त्या दिवशी चार वाजून गेले तरी पाइप वाजला नाही. तळमजल्यावरच्या हिरावहिनी पाणी आलं की पळीने लोखंडी पाइपवर तीन ठोके द्यायच्या आणि चारही मजल्यांवर बादल्या सरकायच्या. मी बादली घेऊन वाट पाहत होतो… मग त्यांची सून वर आली. "काका, आई गेल्या," एवढंच म्हणाली.

भाईंदर पूर्वेला आमची बिल्डिंग उभी आहे ती वहिनींच्या सासऱ्यांच्या भातशेतीवर. त्यांच्या वाट्याला तळमजला आला. मुंबईहून आलेले आम्ही नोकरदार वर. मी सोसायटीचा सेक्रेटरी. दहाएक वर्षांपूर्वी नळजोडणी मिळाली. पाणी चार ते पाच येतं, हे दोन दिवसांतच सगळ्यांना कळलं होतं, तरी उद्घाटन हवंच होतं. नळाला रिबीन बांधली. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि पाण्याच्या महतीवर भरपूर बोलले. टाळ्यांच्या गजरात नळ सोडला. त्यातून फक्त हवा आली.

मागून वहिनी म्हणाल्या, "सायेब, पानी चारला येतं न् पाचला जातं. भाषनासाठी थांबत न्हाय."

लोक हसले. मी चारचौघांत ओरडलो, "वहिनी, आगाऊपणा पुरे!"

एवढ्यावर भागलं नाही. इतिवृत्तातही लिहिलं: 'तळमजल्यावरील एका महिलेने आगाऊपणा केला.' पुढच्या सभेत ते वाचल्यावर त्या म्हणाल्या, "काय बोलली ते पन लिवा की." मी नाही म्हटलं. "बरं, मंजूर," म्हणत पहिला हात त्यांनीच वर केला.

आगाऊ हा शब्द घरातल्या पोराला लाडाने म्हणता येतो. इतरांच्या बाबतीत तो खालच्या मजल्यावरच फेकायचा असतो. हेच वाक्य आमचे निवृत्त चेअरमन बोलले असते, तर मी 'स्पष्टवक्ते' लिहिलं असतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी माफी मागितली नाही. वहिनी मात्र जिन्यात हसून म्हणायच्या, "सेक्रेटरी, आगाऊ बाय ठोके देते तवा आंघोळ होते तुमची."

शोकसभेसाठी मी ठराव लिहून नेला होता: मनमिळाऊ, मृदुभाषी… 'मृदुभाषी'पाशी अडखळलो. कागद खिशात घातला, त्यांचं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि म्हटलं, "हे इतिवृत्तात घ्या. त्या बरोबर होत्या, मी चुकलो." मंजुरीसाठी हात मागितले तेव्हा सगळेच क्षणभर थांबले. पहिला हात नेहमी त्यांचा असायचा.

पळी अजून पाइपशेजारच्या खिळ्याला आहे, एका बाजूने चेपलेली. तीन आठवडे तिला कुणी हात लावला नाही. काल चारला मी खाली उतरलो आणि तीन ठोके दिले.

वरून कुणीतरी ओरडलं, "कोण आगाऊपणा करतंय रे खाली?"

"मी," म्हटलं.